गिटार कॅबिनेटमधली खडखड कशी शोधावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळं सुरळीत वाजत असतं आणि एखाद्याच स्वराला कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या लाकडी पेटीतून, 'झर्र' असा आवाज येतो. पुढचा स्वर वाजवला की गायब, पुन्हा मागे आलं की हजर. असा आवाज एकदा कानात बसला की वाजवण्यातली मजा जाते, कारण तो स्वर यायच्या आधीच मन तिकडे लागलेलं असतं. हा आवाज शोधता येतो. बहुतेक वेळा शेवटी एखादा स्क्रू, एखादी पट्टी किंवा लोंबणारी वायर सापडते. पण हातात स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी आवाज पकडून धरायला शिकावं लागतं.

एकाच स्वराला आवाज का येतो? बाकीचे स्वर तर स्वच्छ वाजतात.

झोपाळ्याला नेमक्या वेळी बोटानं ढकललं तरी तो उंच जातो. भलत्या वेळी कितीही जोर लावा, तो अडखळतो. प्रत्येक वस्तूची थरथरण्याची स्वतःची गती असते. हँडलची असते, कोपऱ्यावरच्या पत्र्याची असते, मागच्या फळीची असते. स्पीकरमधून नेमक्या त्याच गतीचा स्वर आला की ती वस्तू जागी होते आणि शेजारच्या लाकडावर किंवा धातूवर आपटायला लागते.

आकड्यांत पाहा. नेहमीच्या ट्युनिंगमध्ये सहावी तार मोकळी वाजवली की E म्हणजे 82.4 हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं), तिसऱ्या फ्रेटला G म्हणजे 98 हर्ट्झ, पाचव्या फ्रेटला A म्हणजे 110 हर्ट्झ. G आणि A मध्ये फरक फक्त 12 हर्ट्झचा, पण सैल पट्टीला तेवढाही पुरतो. 98 ला ती नाचते आणि 110 ला गप्प बसते.

खालच्या स्वरांनाच हे जास्त होतं, त्यालाही कारण आहे. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी एक सप्तक खाली गेलं की स्पीकरच्या कोनाला, म्हणजे पुढच्या कागदी शंकूला, साधारण चौपट अंतर मागेपुढे जावं लागतं. जास्त हालचाल झाली की कॅबिनेटला जास्त धक्के बसतात. ठरावीक स्वरालाच येणारा आवाज हा शोधणाऱ्याच्या फायद्याचा असतो, कारण धागा हातात आलेला असतो. सगळ्याच स्वरांवर पसरलेली खरखर शोधायला जास्त त्रास देते.

म्हणजे स्पीकर गेला असं समजायचं का?

लगेच नाही. माझ्या दोन स्पीकरच्या कॅबिनेटला A वर भणभण यायची. ती उजव्या स्पीकरच्या मधोमध आहे अशी माझी खात्री होती. कान लावून, डोळे मिटून ऐकलं होतं. स्पीकर उतरवला, दुसरा बसवला, आठही बोल्ट आवळले, तार छेडली आणि भणभण तशीच आली. दोष निघाला वरच्या हँडलमध्ये. पट्ट्याच्या टोकाला धातूची टोपी असते. तिच्याखालचा रबरी वायसर वाळून चिरला होता आणि टोपी स्क्रूच्या डोक्यावर बारीक बारीक आपटत होती. तिच्यावर अंगठा ठेवला की शांतता, काढला की पुन्हा भणभण. तेव्हापासून स्पीकर सोडवणं हे माझ्याकडे सगळ्यात शेवटचं काम असतं.

इथे कानानं मला फसवलं होतं, आणि तो सगळ्यांनाच फसवतो. मोठा आवाज स्पीकरमधून येत असतो, त्याच्यात मिसळलेली बारीक किणकिणसुद्धा आपण त्याच जागेवर टाकून मोकळे होतो. शिवाय लाकडातून थरथर इतकी सहज पसरते की डाव्या कोपऱ्यातला पत्रा उजवीकडे ऐकू येतो.

सुरुवात कुठून करू?

कॅबिनेटच्या बाहेरून. पहिला संशय गिटारवर घ्यायचा. इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजमधली छोटी स्प्रिंग, सॅडलचा सैल स्क्रू, ट्युनिंग पेगची सुटलेली नटं, फ्रेटला घासणारी तार, यांतलं काहीही पिकअपमधून अँपपर्यंत पोहोचू शकतं. तोच स्वर हेडफोनवर ऐका किंवा दुसरी गिटार लावा. आवाज गिटारबरोबर गेला तर कॅबिनेटला हात लावायची गरजच नाही.

त्यानंतर खोली. खिडकीची काच, दिव्याची शेड, भिंतीवरची फ्रेम, खुंटीवरची किल्ली, कपाटाचं दार. शेजारी ड्रम ठेवलेला असेल तर स्नेअरच्या खालच्या तारा गिटारच्या कित्येक स्वरांना झणझणतात. त्यांचा खटका सोडून ठेवायचा आणि मगच ऐकायचं. कॅबिनेट उचलून दुसऱ्या खोलीत नेलं आणि आवाज मागेच राहिला, तर दोषी खोलीतच आहे. हलवणं जमत नसेल तर कॅबिनेटखाली जाड घडी घातलेली चादर ठेवा. जमिनीला जाणारी थरथर कमी होते आणि फरशी किंवा लाकडी जमीन वाजत असेल तर लगेच कळतं.

आवाज कॅबिनेटचा आहे की अँपचा?

अँपचं हेड, म्हणजे स्पीकर नसलेली अँपची वेगळी पेटी, कॅबिनेटवर ठेवलेलं असेल तर ते उतरवून खुर्चीवर ठेवा, वायर तीच राहू दे. पुष्कळदा एवढ्यानंच निकाल लागतो. हेडच्या ट्यूबा (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), जाळी, ट्रान्सफॉर्मरवरचं झाकण, फ्यूजची टोपी, नॉब, सगळं कॅबिनेटच्या डोक्यावर बसून थरथरत असतं.

दुसरं कॅबिनेट मिळालं तर उत्तमच. मात्र ट्यूब अँप चालू असताना स्पीकरची वायर काढायची नाही, आणि स्पीकर न जोडता ते वाजवायचंही नाही. जोडणी तुटली की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं चढू शकतं की तो जळतो. आधी अँप बंद, मग अदलाबदल, मग चालू. दुसऱ्या कॅबिनेटचे ओहमही (विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) अँपला चालणारे हवेत.

टोन जनरेटर लावून शोधतात म्हणजे नेमकं काय करतात?

हाच या कामाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गिटार वाजवत शोधायला गेलं की दोन्ही हात गुंततात आणि स्वर दोन सेकंदांत विरतो. तेवढ्यात कॅबिनेटच्या मागे जाणार कसं? म्हणून स्वर सतत चालू ठेवणारं काहीतरी लागतं. फोनवर साइन वेव्ह काढणारं कोणतंही साधं टोन जनरेटर ॲप चालतं. फोनचा आवाज अगदी कमी करून तो अँपच्या इनपुटला जोडा. अँप क्लीन चॅनलवर, रिव्हर्ब आणि इफेक्ट बंद. साइन वेव्हच का, तर तिच्यात एकच कंपनसंख्या असते. तिच्याशिवाय जे काही ऐकू येईल ते उपरं.

70 हर्ट्झपासून सुरू करा आणि हळूहळू वर चढवत न्या. घाई केली तर नेमकी जागा निसटते. एक-एक हर्ट्झ सरकवत 70 पासून 200 पर्यंत जायला मी चार-पाच मिनिटं घेतो. त्यापुढे 1000 पर्यंत थोडं भरभर चालतं. कुठेतरी स्वच्छ 'ऊं' मध्ये खर येते. तिथे थांबा, एक हर्ट्झ मागे, एक पुढे, असं करत आवाज सगळ्यात स्पष्ट कुठे आहे ते ठरवा आणि आकडा लिहून ठेवा. समजा 113 आला. आता स्वर तिथेच चालू राहू द्या. तुमचे दोन्ही हात मोकळे झाले.

आता दाबत जायचं. आधी तळवा, मग बोटं. वरची फळी, दोन्ही बाजू, मागची फळी, हँडल, प्रत्येक कोपरा, जॅकची पट्टी, नावाची पाटी, चाकं, समोरच्या जाळीची चौकट. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबा. ज्या जागी हात ठेवल्यावर आवाज थांबतो किंवा त्याचा पोत बदलतो, तिथून दोषी फार लांब नसतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. मोठी फळी दाबली की तिची स्वतःची गतीच बदलते आणि भलत्या ठिकाणचा आवाजही थांबू शकतो. म्हणून तळव्यानं जागा सापडली की तिथेच एका बोटानं पुन्हा तपासायचं. बोटभर जागेवर थांबला तरच खरं.

हे करताना आवाज बोलण्याइतकाच ठेवा. सतत चालणारी साइन वेव्ह स्पीकरला संगीतापेक्षा जड जाते, कारण व्हॉइस कॉइलला, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, मध्ये थंड व्हायला उसंतच मिळत नाही. मोठ्या आवाजातच येणारी खडखड असेल तर थोड्या वेळापुरता वाढवा, जागा सापडली की खाली आणा. कानात इअरप्लग घाला. एकच स्वर मिनिटभर ऐकणं कानाला वाटतं त्यापेक्षा जास्त थकवतं.

हात लावूनही जागा सापडत नाही. आता?

हातभर-दोन हात लांब रबरी नळी घ्या. एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं कॅबिनेटच्या सांध्यांवरून, स्क्रूंवरून, कडेकडेनं फिरवत न्या. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचंच हे गावठी रूप, पण काम चोख करतं. नळीचं तोंड खडखडणाऱ्या गोष्टीवर आलं की बाकी सगळं मागे पडतं आणि ती एकटी कानात वाजते. नळी कानात खुपसायची नाही, आणि स्पीकरच्या समोर तर धरायचीच नाही.

दिवे मालवून टॉर्चही मारून पाहा. थरथरणाऱ्या स्क्रूचं डोकं किंवा पत्र्याची कड अंधुक, दुहेरी दिसते. कधी कधी कानाआधी डोळ्यांना सापडतं.

आवाजाच्या जातीवरून काही ओळखता येतं का?

बरंच. या बाबतीत आपल्या भाषेत शब्दांची श्रीमंती आहे, ती कामाला लावायची. किणकिण किंवा झणझण असेल तर धातू किंवा काच: हँडल, कोपरे, ट्यूब, स्प्रिंग. फडफड किंवा भुरभुर असेल तर कापड, कागद किंवा सुटलेली डस्ट कॅप, म्हणजे कोनाच्या मधोमध असलेली गोल टोपी. भरीव टकटक आली की लाकूड लाकडावर आपटतंय, म्हणजे मागची फळी किंवा उसवलेला सांधा. तार जोरात छेडली की पहिल्या क्षणालाच 'टप्' येऊन थांबत असेल तर आतली लोंबती वायर कशाला तरी आपटते. आणि वाळूवर काहीतरी घासल्यासारखी खरखर, हळू वाजवतानाही, एका पट्ट्यातल्या बऱ्याच स्वरांना, हे मात्र व्हॉइस कॉइलचं लक्षण.

कॅबिनेट तिरकं केल्यावर खुळखुळ ऐकू आली तर आत काहीतरी पडलंय. आणि खुळखुळ नाही म्हणून आत काही पडलेलं नाही असंही नाही. स्पीकरच्या चुंबकाला निसटलेला स्क्रू किंवा जाळी ठोकताना उडालेली पिन जाऊन चिकटते आणि तिथे उभ्या उभ्या थरथरते. मागची फळी काढली की आधी चुंबकावरून बोट फिरवा.

सगळे स्क्रू एकदाचे घट्ट आवळून टाकले तर?

हा मोह सगळ्यांना होतो. आवरायचा. एक तर आवाज थांबला तरी कशामुळे थांबला ते कळत नाही, आणि महिन्यानं परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसरं म्हणजे काही गोष्टी जास्त आवळून बिघडतात.

स्पीकरचे बोल्ट त्यांत पहिले. स्पीकरची लोखंडी चौकट पातळ पत्र्याची असेल आणि समोरची फळी जराशी वाकडी असेल, तर बोल्ट जोरात आवळल्यावर चौकट फळीबरोबर पिळली जाते. व्हॉइस कॉइल चुंबकाच्या ज्या फटीत हलते ती मिलिमीटरच्या छोट्या हिश्शाची असते. चौकट पिळली की कॉइल फटीच्या भिंतीला घासू लागते. म्हणजे खडखड काढायला गेलो आणि नवीच घेऊन आलो. गाडीच्या चाकासारखे समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं घ्या. आधी सगळे बोटांनी, मग प्रत्येकाला पाव वळसा. स्पीकर आणि फळीमधलं गॅस्केट किंचित दबलं की पुरे.

समोरून बसवलेल्या स्पीकरचे बोल्ट आवळताना कोनावर जाड पुठ्ठा ठेवायचा. चुंबक लोखंडी स्क्रूड्रायव्हर अशा वेगानं ओढतो की हात सावरायच्या आत टोक कागदातून आरपार गेलेलं असतं.

लाकडी स्क्रू नुसताच फिरत असेल, पकड घेत नसेल, तर भोक झिजलंय. त्यात आगकाडीचे तुकडे वूड ग्लूत बुडवून दाबून बसवा, पूर्ण वाळू द्या, मग तोच स्क्रू परत लावा. जाडा स्क्रू ठोकण्यापेक्षा हे टिकतं. फळीच्या मागे ठोकलेला दातेरी नट सैल झाला असेल तर बोल्ट कितीही फिरवला तरी तो बरोबर फिरत राहतो. तो काढून नवीन बसवावा लागतो.

समोरच्या जाळीचं कापड वाजू शकतं?

हो. कापड सैल पडलं की ते फळीवर फडफडतं, आणि हवेचा सगळ्यात जोराचा झोत तर तिथेच असतो. कापड ताणून तळव्यानं धरा, आवाज बदलतो का ऐका. प्लास्टिकच्या धाग्याचं कापड हेअर ड्रायरच्या गरम हवेनं थोडं आकसतं. लांबून आणि सतत हलवत मारा, एका जागी थांबलात तर डाग पडतो. सुती विणीचं असेल तर गरम हवेचा उपयोग नाही, पिना काढून पुन्हा ताणावं लागतं.

जाळीची चौकट वेल्क्रोवर चिकटवलेली असेल तर वेल्क्रो दमलेला असतो. चौकट आणि फळीच्या मध्ये पातळ फेल्टच्या चार पट्ट्या लावल्या की बहुतेक वेळा भागतं. नावाची पाटी कापडातून आरपार दोन छोट्या स्क्रूंवर बसलेली असते, तीही पाहा.

मागची फळी आणि लाकडाचे सांधे कसे तपासू?

बंद पाठीच्या कॅबिनेटमध्ये मागची फळी हा सगळ्यात मोठा पडदा. आतली हवा दर ठोक्याला तिला ढकलते. कडेला सगळीकडे स्क्रू असले तरी मधला भाग मोकळा असतो, म्हणून मोठ्या कॅबिनेटमध्ये मधोमध एक खांब देतात. तो खांब आणि फळी यांच्यात कागदाइतकी फट पडली तरी टकटक येते. तिथे फेल्टचा तुकडा ठेवला की ती थांबते. फळी जिथे टेकते त्या पट्टीवरही सगळीकडे पातळ फेल्ट किंवा दारं-खिडक्यांना लावतात ती फोमची पट्टी चिकटवली तर पुन्हा त्रास होत नाही.

सांध्यांचं काम अवघड, कारण ते बाहेरून कापडाखाली झाकलेले असतात. बोटाच्या पेरानं ठोकत चला. घट्ट सांध्यावर आवाज भरीव येतो आणि उसवलेल्या जागी तो पोकळ आणि किंचित उशिरा उमटल्यासारखा लागतो. फट उघडी असेल तर पातळ पातीनं वूड ग्लू आत सरकवा, क्लॅम्पनं दाबून एक दिवस ठेवा. प्लायवुडचे थर आतून सुटले असतील तर इंजेक्शनच्या सुईनं ग्लू भरून वर वजन ठेवतात. पार्टिकल बोर्ड पाण्यानं फुगलेला असेल तर त्याच्यात जीव राहिलेला नसतो. ती फळी बदलण्यावाचून इलाज नाही.

आतल्या वायरींचं काय करू?

वायर कोनाला किंवा फळीला लागत असेल तर प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून टाका, पण ताणून नको. स्पीकरच्या टर्मिनलजवळ थोडा ढिलेपणा हवा. टर्मिनलची टोपी सैल असेल तर पक्कडीनं हलकी दाबा.

स्पीकरमध्येच दोष आहे हे खात्रीनं कसं कळेल?

आता बाकी सगळं तपासून झालं असेल तर स्पीकर खाली उतरवा. काम करायचं टेबल आधी स्वच्छ पुसा. लोखंडाचा किस तिथे असेल तर चुंबक तो ओढून घेतो, आणि फटीत गेलेला कण बाहेर काढणं फार कठीण असतं.

स्पीकर तोंड वर करून ठेवा. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपभोवती, कोनावर, सारख्या अंतरावर टेकवा आणि अगदी हळू, सरळ खाली दाबा, सोडा. दोन-तीन मिलिमीटर पुरे. निरोगी स्पीकरमध्ये काहीच जाणवत नाही, फक्त मऊ परतावा मिळतो. बोटांना रेतीवरून बोट ओढल्यासारखं जाणवलं किंवा कान जवळ नेल्यावर 'खर्र' ऐकू आलं तर कॉइल घासतेय. तिरका दाब दिला तर चांगला स्पीकरही घासल्यासारखा वाटतो, म्हणून घाईत निदान नको. दोन-चारदा करून पाहा.

कॉइल भाजून फुगलेली असेल तर कोन बदलून घ्यावा लागतो. पण जुन्या स्पीकरमध्ये वर्षानुवर्षं एकाच बाजूला भार पडून कोन जरासा ओघळलेला असतो. असा स्पीकर 180 अंशांनी फिरवून बसवला की कधी कधी घासणं थांबतं. खर्च काहीच नसल्यामुळे आधी हे करून पाहावं.

मग बाकीच्या जागा. डस्ट कॅपच्या कडेवर नखानं हलकी टिचकी मारा, सुटलेल्या जागी कोरडा आवाज येतो. कोनाची बाहेरची कड चौकटीला चिकटवलेली असते, तिच्यावरून बोट फिरवत न्या. मागच्या बाजूनं पाहिलं की पिवळट किंवा तपकिरी, वळ्यावळ्यांची जाळी दिसते, तिला स्पायडर म्हणतात. तिचा ग्लू सुटला असेल तर फट दिसते. आणि टर्मिनलपासून कोनापर्यंत जाणाऱ्या दोन वेणीसारख्या लवचिक तारा: त्या जास्त लांब असल्या तर कोनावर आपटतात, आणि एखादा धागा तुटला तर आवाज मध्येच चिरकतो.

कोन फाटला असेल तर घरी चिकटवता येतो?

छोटा चिरा असेल तर नक्की. पातळ टिश्यू पेपरचा तुकडा कात्रीनं न कापता हातानं फाडून घ्या, म्हणजे कडा विरळ राहतात. पांढरा वूड ग्लू थोडं पाणी घालून पातळ करा, चिऱ्याच्या दोन्ही बाजूंनी कागद ब्रशनं बसवा, रात्रभर वाळू द्या. सुकल्यावर कडक होऊन तडकणारे झटपट ग्लू टाळा, आणि थरावर थर चढवू नका. वजन वाढलं की कोनाची चाल बदलते.

प्रत्येक चिरा आवाज वाईटच करतो असं मात्र नाही. द किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी 1964 मध्ये एका छोट्या अँपच्या स्पीकरचा कोन मुद्दाम ब्लेडनं कापला आणि त्यातून निघालेला खरखरीत आवाज रेकॉर्डवर आणला. तो आवाज त्यांना हवा होता. तुम्हाला नको असेल तर चिरा लहान आहे तोवरच बंद करावा, कारण प्रत्येक जोरदार स्वराबरोबर तो पुढे सरकत असतो.

चार स्पीकरचं कॅबिनेट आहे. नेमका कोणता वाजतोय?

एकेक स्पीकर काढून टाकत ऐकायचं, असं मनात येतं. पण जोडणी न समजता हे करू नका. 8 ओहमचे दोन स्पीकर पॅरललमध्ये असतील तर एकूण 4 ओहम. एक काढला की 8. तेच दोन सीरिजमध्ये असतील तर 16, आणि एक काढला की जोडणीच तुटते. ट्यूब अँपला याचा धोका वर सांगितलाच आहे. 16 ओहमचे चार स्पीकर दोन-दोनच्या जोड्या करून जोडले तर एकूण पुन्हा 16च येतात, म्हणून नुसतं मागच्या आकड्यावरून आत कोणती जोडणी आहे ते कळत नाही. मागची फळी उघडून वायर कुठून कुठे जाते ते कागदावर काढून घ्या.

माझी पद्धत सोपी आहे. अँप बंद करायचं, एका स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवायच्या आणि तो एकटा एका छोट्या ट्रान्झिस्टर अँपला जोडून सापडलेला आकडा वाजवायचा. मग दुसरा, मग तिसरा. आवाज हळू ठेवायचा, कारण चौघांत वाटला जाणारा भार आता एकट्यावर आहे. चारही स्वच्छ वाजले तर स्पीकर निर्दोष, दोष लाकडात किंवा लोखंडात. वायरी परत लावताना अधिक-उणे चुकवू नका. एकाची उलटी जोडणी झाली तरी खालचे स्वर पोकळ होतात.

माझा कॉम्बो अँप आहे, अँप आणि स्पीकर एकाच पेटीत.

मग यादी वाढते. ट्यूबा स्पीकरच्या अगदी जवळ टांगलेल्या असतात, त्यांना धरणाऱ्या स्प्रिंगा किंवा धातूची टोपणं झणझणतात. काही वेळा ट्यूबच्या आतले भाग सैल होतात आणि ट्यूब मायक्रोफोनसारखी वागू लागते. लाकडी पेन्सिलीच्या रबराच्या टोकानं प्रत्येक ट्यूबला हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून 'टिंग' मोठ्यानं आली की ती ट्यूब बदलायची. लहान ट्यूबा थोड्याफार वाजतातच, फरक ऐका. ट्यूबा हात भाजण्याइतक्या तापतात, हे ध्यानात असू द्या.

रिव्हर्बची पेटी तळाशी असते आणि तिच्यात खऱ्या स्प्रिंगा असतात. रिव्हर्बचा नॉब शून्यावर आणून आवाज गेला का पाहा. ती रबरावर किंचित डुलती राहायला हवी. घट्ट आवळलेली पेटी उलट जास्त थरथर आत घेते. चासी, म्हणजे अँपचा धातूचा सांगाडा, धरणारे चार लांब बोल्टही तपासा.

काहीच सैल नाही, तरी स्वराखाली दुसराच स्वर ऐकू येतो.

हे खडखडणं नव्हे. अँपच्या वीजपुरवठ्यात राहून गेलेली लहर वाजवलेल्या स्वरात मिसळते. वीज 50 हर्ट्झची असेल तर ही लहर 100 हर्ट्झची, 60 ची असेल तर 120. पहिली तार मोकळी वाजवली, म्हणजे साधारण 330 हर्ट्झ, तर 230 आणि 430 ला सावलीसारखे स्वर उमटतात. ओळखायची खूण अशी की मूळ स्वर जिथे जाईल तिथे सावलीही जाते, आणि अँप जोरात ढकललं की वाढते. पॉवर सप्लायचे जुने कॅपॅसिटर हे याचं नेहमीचं कारण. दुसऱ्या अँपवर तेच कॅबिनेट स्वच्छ वाजलं तर खात्री झाली.

मात्र दुसऱ्या अँपवरही तीच सावली आली, तर तो कोनाचा स्वतःचा आवाज असू शकतो. काही स्पीकर वरच्या काही स्वरांना कोनाच्या कडेतून रडल्यासारखा आवाज काढतात. ती घडणच तशी असते. बोल्ट आवळून जात नाही.

खोलीत ऐकू येत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये येतो.

माइक कोनापासून चार बोटांवर असतो, तुम्ही चार हातांवर. आधी माइकचाच स्टँड बघा. सैल क्लिप किंवा स्टँडची न आवळलेली कळ कॅबिनेटइतकीच वाजते.

आत कापूस किंवा फोम भरून टाकला तर प्रश्न मिटेल?

आवाज दबेल, दोष राहील. शिवाय कॅबिनेटचा मूळ आवाजही बदलेल, आणि तो तर तुम्ही आवडला म्हणून घेतला होता.

कधी थांबून कारागिराकडे द्यावं?

अँपची चासी उघडायची वेळ आली की. ट्यूब अँपमध्ये कित्येकशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. स्पीकरला नवीन कोन बसवणं हेही सरावाच्या हातांचं काम.

देताना कॅबिनेटवर एक चिठ्ठी चिकटवा: कोणत्या हर्ट्झला आवाज येतो, कितपत मोठ्या आवाजाला, कुठे दाबलं की थांबतो, आणि काय काय तपासून झालंय. 'खडखडतंय, बघा जरा' एवढंच सांगितलं तर कारागिराला हा सगळा प्रवास पहिल्यापासून करावा लागतो. '113 ला, डाव्या मागच्या कोपऱ्यात, अंगठ्यानं थांबतो' असं लिहून दिलं तर तो थेट त्या कोपऱ्यावर जातो.